क्लिकर शिकायचाय? आधी ट्रेनर तुमच्या हाताकडे बघतो का ते बघा

क्लिकर, म्हणजे कुत्र्याला शिकवताना दाबायचं टिकटिक करणारं छोटं बटण, शे-दीडशे रुपयांत घरपोच येतो आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते. मी पण तसाच मागवला होता, दोन व्हिडिओ बघितले, चिकन उकडून तुकडे केले, झिपरीसमोर बसले आणि दाबलं बटण. झिपरी जी पलंगाखाली गेली ती संध्याकाळीच बाहेर आली. (झिपरी म्हणजे आमची इंडी, देशी कुत्री, बांधकामाच्या साइटवरून उचलून आणलेली, प्रेशर कुकरच्या शिट्टीला पण घाबरायची.) मग पुढचे तीन आठवडे मी रोज नव्या पद्धतीने चुकले आणि शेवटी वैतागून एका क्लासला गेले, तर तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत सांगितलं की कुत्रीचा काही प्रॉब्लेम नाहीये, तुमच्या डाव्या हाताचा आहे, क्लिक व्हायच्या आधीच तो खाऊच्या पिशवीकडे निघतो. आता हे मला कुठला व्हिडिओ सांगणार? व्हिडिओ मला दिसतो, मी व्हिडिओला थोडीच दिसते.

म्हणून हे लिहितेय. क्लिकर म्हणजे काय यावर ढिगाने माहिती मिळेल, पण शेजारी उभं राहून तुमचा हात बघणारा माणूस कसा शोधायचा हे कोणी सांगत नाही.

तरी ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लिक म्हणजे कुत्र्यासाठी "हेच! आत्ता जे केलंस ना तेच, थांब, खाऊ आणते" असा निरोप. बाकी जादू काही नाही. आपण लहानपणी जत्रेत पत्र्याचं टिकटिक बेडूक घ्यायचो ना, जवळपास तीच चीज. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर एक लेख लिहिला, त्यात त्याने असंच टिकटिकणारं खेळणं वापरा असं सुचवलं होतं. त्याच्याच हाताखाली शिकलेले केलर आणि मेरियन ब्रेलंड हे नवराबायको तर त्याच्याही आधी, १९४० च्या दशकापासून, याच तत्त्वावर प्राणी शिकवायचा धंदा करत होते. पुढे हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणारी करेन प्रायर ९० च्या दशकात हेच कुत्रेवाल्यांमध्ये घेऊन आली आणि मग क्लिकर घराघरात गेला. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, मारायला गेलं तर तो सरळ पोहून लांब जातो, त्यामुळे ही पद्धत मुळातच जबरदस्ती न करता काम करून घ्यायची आहे. हे डोक्यात ठेवा, पुढे ट्रेनर निवडताना लागेल.

आता शोधायचं कुठे. आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कसलंही लायसन लागत नाही, उद्या सकाळी मी गाडीवर पंजाचा स्टिकर लावून फिरायला लागले तरी मला कोणी विचारणार नाही. म्हणून इंटरनेटवरच्या पाच स्टारपेक्षा मला विचाराल तर संध्याकाळी टेकडीवर किंवा सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर जा आणि कुत्री बघा. एखादं कुत्रं मालकाकडे मधूनमधून आपणहून बघतंय, पट्टा सैल आहे, शेपटी मस्त हलतेय, समोरून दुसरं कुत्रं आलं तरी मालक शांतपणे बाजूला होतोय, असं दिसलं की जाऊन विचारायचं, कुठे शिकलात हो. कुत्रेवाली माणसं बोलायला उत्सुकच असतात, तासभर सोडणार नाहीत. आणि नुसतं "आमचा ट्रेनर खूप छान आहे" म्हणाले तर पुढचा प्रश्न टाका, की त्याने शिकवलं कोणाला, कुत्र्याला की तुम्हाला? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

कारण आपल्याकडे चालतं काय, तर ट्रेनर सकाळी सातला बाइकवर येतो, कुत्र्याला खाली घेऊन जातो, पाऊण तासाने आणून सोडतो, महिन्याचे पैसे घेतो. कुत्रं त्याच्यासमोर एकदम शिस्तीत बसतं, तो जिना उतरला की सोफ्यावर. मी क्लिकरच्याही आधी असा एक माणूस लावला होता, स्वभावाने वाईट नव्हता बिचारा, पण त्याच्या खिशात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) होती आणि दोन आठवड्यांत झिपरी त्याच्या बाइकचा आवाज आला की मोरीत जाऊन बसायला लागली. दीड महिना पैसे भरून माझ्या हाताला काय आलं तर काहीच नाही, कारण मी त्या वेळात डबे भरत होते. पट्टा तुमच्या हातात नसेल तर ते शिक्षण तुमचं नाही, एवढं सोपं आहे हे. आणि कुत्रं महिनाभर केनेलमध्ये ठेवा, शिकवून परत देतो, हे तर त्याहून अवघड, कारण तिथे आत काय चालतं ते तुम्हाला दिसतच नाही.

दुसरी जागा म्हणजे व्हेट. पण व्हेटला "चांगला ट्रेनर सांगा" असं विचारलं की काउंटरवरचं कार्ड मिळतं. त्याऐवजी विचारा की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाचं कुत्रं टेबलावर न घाबरता उभं राहतं, पंजा हातात देतं, नखं कापून घेतं? त्यांना ट्रेन कोणी केलं? अशी दोनचार कुत्री प्रत्येक डॉक्टरच्या लक्षात असतातच.

तिसरं म्हणजे सर्टिफिकेटवाल्यांच्या याद्या. करेन प्रायर अकॅडमी, सीसीपीडीटी (ट्रेनर लोकांची परीक्षा घेणारी संस्था), पेट प्रोफेशनल गिल्ड, यांच्या साइटवर देश किंवा शहर टाकून ट्रेनर शोधता येतात. पण सर्टिफिकेट कसलं आहे ते समजून घ्या. सीसीपीडीटीच्या सीपीडीटी-केए परीक्षेला बसायला निदान ३०० तास शिकवल्याचा अनुभव लागतो, पण परीक्षा असते लेखी, पर्याय निवडायची. म्हणजे त्या माणसाला थिअरी येते हे नक्की, हात कसा आहे ते कळत नाही. करेन प्रायर अकॅडमीच्या प्रोफेशनल कोर्सला कुत्रं घेऊन प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं, शिवाय माणसांना शिकवूनही दाखवावं लागतं, त्यामुळे ते मला जास्त कामाचं वाटतं. तरी कागद नसलेले उत्तम लोकही आहेत आणि कागद फ्रेम करून लावलेले आरडाओरडा करणारेही आहेत, तेव्हा कागद बघा आणि मग विसरा.

नंबर मिळाला की फोन करा, व्हॉट्सॲपवर नका विचारू, बोलताना माणूस कळतो. माझे प्रश्न ठरलेले होते. कुत्र्याने बरोबर केलं की तुम्ही काय करता, आणि चुकलं की काय करता? पहिल्याचं उत्तर सगळे छान देतात, दुसऱ्यावर कान द्या. "मग आपण ते सोपं करून परत विचारतो", "तो का चुकला ते बघतो", "लांब जाऊन परत प्रयत्न करतो" असं काही आलं तर पुढे बोला. "थोडं करेक्शन द्यावं लागतं ताई", "त्याला कळायला पाहिजे बॉस कोण", "आम्ही बॅलन्स्ड पद्धत वापरतो" (म्हणजे खाऊ पण आणि शिक्षा पण) असं आलं तर थँक्यू म्हणून ठेवून द्या, कारण क्लिकर एका हातात आणि झटका दुसऱ्या हातात असला की कुत्रं क्लिकवर पण विश्वास ठेवत नाही. आणि अल्फा-बिल्फा, म्हणजे कळपाचा दादा तुम्ही व्हा असलं काही, सुरू झालं तर सांगते, लांडग्यांच्या अल्फाची कल्पना ज्यांच्या पुस्तकामुळे जगभर पसरली त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ व्हेट लोकांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सगळ्याच कुत्र्यांसाठी, अगदी अंगावर येणाऱ्यांसाठीसुद्धा, बक्षीस देऊन शिकवायचीच पद्धत वापरा. ट्रेनरशी यावरून वाद घालू नका, तुम्हाला भांडण जिंकायचं नाहीये, क्लास शोधायचाय.

गॅरंटी देणारा पण नको. "एकवीस दिवसांत फुल ओबेडियन्स" ही जाहिरात दिसली की मला वजन कमी करायच्या पावडरी आठवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, मी कुत्रं न आणता एक क्लास नुसता बघायला येऊ का? जो हो म्हणतो त्याच्याकडे जा. जो म्हणतो "आमच्या टेक्निक सिक्रेट आहेत" किंवा "प्रायव्हसीचा इश्यू आहे", त्याच्याकडे चाललंय तरी काय असं माझ्या डोक्यात येतं.

बघायला गेलात की काय बघायचं, इथे जरा सविस्तर लिहिते कारण मी चार ठिकाणी जाऊन आले आणि दोन ठिकाणी पाच मिनिटांत उठले.

पहिलं म्हणजे कुत्र्यांकडे बघा, ट्रेनरकडे नंतर. जांभया देतायत, सारखी ओठ चाटतायत, कान मागे, शेपटी आत, जमिनीचा वास घेत तोंड फिरवतायत, असं सगळीच कुत्री करत असतील तर तिथे काहीतरी बिनसलंय. एखादं नवीन कुत्रं करणारच, पण मग ट्रेनर त्याचं काय करतो ते बघा. चांगला ट्रेनर त्याला लांब नेतो, आडोसा देतो, "आज नुसतं बसून बघा, काही करू नका" सांगतो. आम्हाला पहिल्या दिवशी गेटजवळ एका सतरंजीवर बसवलं होतं आणि अर्धा तास झिपरीने फक्त माझ्याकडे बघितलं की क्लिक, खाऊ, बास. मला तेव्हा वाटलं पैसे वाया गेले. नव्हते गेले.

दुसरं, खाऊ मोजा. खरंच मोजा, घड्याळ लावून. नवीन काही शिकवताना मिनिटाला दहा-बारा वेळा तरी कुत्र्याला खाऊ मिळायला हवा. मिनिटात दोनदाच मिळत असेल तर ट्रेनरने गणित फार अवघड दिलंय, कुत्रं कंटाळून भुंकायला लागेल आणि मग सगळे म्हणतील याला क्लिकर सूट होत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे, ट्रेनर माणसांकडे किती बघतो. तुमचं कुत्रं हातात घेऊन पंधरा मिनिटं सुंदर डेमो देणारा ट्रेनर बघायला मजा येते, टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण त्या पंधरा मिनिटांत शिकला कोण? चांगला शिक्षक पट्टा क्वचितच हातात घेतो, तो तुमच्या बाजूला, किंचित मागे उभा राहतो आणि हळू आवाजात सांगत राहतो, आत्ता, आत्ता, उशीर झाला, हां आत्ता बरोबर, वाकू नका, हात छातीशी ठेवा, आधी क्लिक मग हात. आणि तुम्ही बरोबर केलं की तुम्हालाही शाबासकी देतो. जो कुत्र्याला "गुड गर्ल" म्हणतो आणि मालकिणीला "अहो मॅडम किती वेळा सांगायचं" म्हणतो त्याला स्वतःचीच पद्धत कळलेली नाही. आमच्या क्लासला सत्तरीचे एक काका होते, हाताला कंप, टायमिंग सगळं मागेपुढे, तर बाईंनी त्यांना क्लिकर काढून ठेवायला सांगितला आणि त्याऐवजी "येस" म्हणायला शिकवलं, दोन आठवड्यांत त्यांचं लॅब्रॅडॉर आमच्या सगळ्यांच्या पुढे.

चौथं, कुत्र्यांशिवाय सराव करून घेतात का. हे मला सगळ्यात आवडलं होतं. एक जण टेनिस बॉल हातातून सोडतो, बॉल जमिनीला टेकला त्या क्षणी बाकीच्यांनी क्लिक करायचं. ऐकायला पोरखेळ, पण दहा जणांचे दहा क्लिक वेगवेगळ्या वेळी पडतात आणि मग कळतं की आपल्या कुत्र्याने बसायला सुरुवात केली तेव्हा आपण काहीच करत नव्हतो आणि तो उठला तेव्हा क्लिक केला, म्हणजे इतके दिवस आपण त्याला उठायला शिकवत होतो! हा सराव आजच घरी करा, मुलांना घ्या, त्यांचं टायमिंग आपल्यापेक्षा बरं असतं.

जागा, गर्दी यावर फार लिहीत नाही, एका ट्रेनरमागे पाच-सहाच्या वर कुत्री नकोत, दोन कुत्र्यांमध्ये भरपूर अंतर हवं, आणि एप्रिल-मे मध्ये क्लास एकतर सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. फरशीवर हाताची पालथी बाजू टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर पंजांना पण नाही.

पिल्लू असेल तर थांबू नका, सहा महिन्यांचं झाल्यावर ट्रेनिंग हा जुना समज आहे. साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला जग जितकं बिनभीती दिसेल तितकं बरं, त्यामुळे लसींचा पहिला डोस होऊन आठवडा झाला की पपी क्लासला नेता येतं, फक्त जागा स्वच्छ हवी, बाकीच्या पिल्लांच्या लसी झालेल्या हव्यात आणि तुमच्या व्हेटला विचारून, कारण आपल्याकडे पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा आजार) कुठे कधी येईल सांगता येत नाही. जो ट्रेनर लसीचं कार्ड मागत नाही तिथे पिल्लू नेऊ नका.

कुत्रं चावत असेल, म्हणजे खेळताना नाही, खरंच, तर ग्रुप क्लास नको. आधी व्हेट, कारण दुखणारा कान किंवा कंबर असली तरी कुत्रं अचानक अंगावर येतं, आणि मग असा माणूस जो एकट्याने, घरी, मुस्क्याची सवय लावण्यापासून सुरू करेल.

झिपरीसारखं आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल तर ट्रेनरला पहिल्याच फोनवर सांगा आणि तो काय म्हणतो बघा. "होईल सवय" म्हणाला तर फुली. आमच्या बाईंनी क्लिकर मोज्यात गुंडाळून बघितला, तरी दचकली, मग साधं टिकटिक करणारं बॉलपेन दिलं. अजून आम्ही पेनच वापरतो. बाबांना मात्र शब्दकोडं सोडवायला आता टोपणाचं पेन लागतं, कारण टिक झालं की ही समोर येऊन बसते आणि उठत नाही. बहिऱ्या कुत्र्याला आवाजाऐवजी अंगठा दाखवून किंवा टॉर्च क्षणभर चमकवून शिकवतात, तेही चांगल्या ट्रेनरला माहीत असतं.

एक गोष्ट ट्रेनरने विचारायलाच हवी आणि फार कमी जण विचारतात, ती म्हणजे घरी कोण कोण आहे आणि कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलता. आमच्याकडे मी "सिट" म्हणायचे, आई "बस", बाबा "खाली बस गं", आणि वर आई भाजी वाढताना पण म्हणायची "बस बस, बस झालं". झिपरीने करायचं तरी काय? शेवटी "टेक" हा शब्द ठरला, जो घरात दुसऱ्या कशालाच कोणी वापरत नाही. आणि चांगला शिक्षक शब्द पहिल्या दिवशी देतच नाही, कुत्रं ती गोष्ट आपणहून भराभर करायला लागलं की मग नाव चिकटवायचं. पहिल्याच तासाला सगळे "सिट सिट सिट" ओरडत असतील तर उठायला हरकत नाही.

आता ज्यांच्या गावात असं कोणीच नाही, आणि बहुतेक गावांत नसतंच, त्यांनी काय करायचं? एक म्हणजे पुण्या-मुंबईत दोन दिवसांचं वर्कशॉप असेल तर कुत्रं घरी ठेवून एकट्याने जा, हात तुमचा तयार झाला की कुत्रं काय, घरी शिकेल. दुसरं म्हणजे ऑनलाइन शिकवणारा ट्रेनर, पण असाच जो तुमचे व्हिडिओ मागवून बघतो, स्वतःचे पाठवत नाही. मोबाइल बाजूला स्टुलावर ठेवा, फ्रेममध्ये कुत्रं आणि तुमचे दोन्ही हात दिसले पाहिजेत, एक-दोन मिनिटांचाच व्हिडिओ, कट न करता. तिसरं, गावातले दोन-तीन कुत्रेवाले जमवा, एक जण शिकवतोय, दुसरा फक्त क्लिक आणि खाऊ मोजतोय, तिसरा फक्त हात बघतोय. टोकत राहा एकमेकांना, पण न चिडता.

आणि घरी कोंबड्या असतील तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही. थट्टा नाही करत. ब्रेलंडांच्या कंपनीत काम केलेले बॉब बेली अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावी वर्षानुवर्षं ट्रेनर लोकांना शिकवायचे ते कोंबड्यांवर, जगभरातून लोक यायचे. कोंबडीची हालचाल इतकी झटपट असते की तुमचं टायमिंग चुकलं की लगेच उघडं पडतं, आणि कुत्र्यासारखं ती तुम्हाला सांभाळून घेत नाही, दाणे मिळाले नाहीत की निघाली. एखाद्या गावरान कोंबडीला लाल झाकणावर चोच मारायला शिकवून बघा, पांढऱ्यावर नाही, फक्त लाल. तिला जमलं तर कुत्र्याला शिकवणं सोपं वाटेल.

क्लास ठरला की पहिल्या दिवशी जाताना कुत्र्याला जेवण अर्धंच द्या, उपाशी नको. खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा, कापताना वाटेल त्याहून लहान, आणि भरपूर, शंभर-दीडशे तुकडे लागतात. उकडलेलं चिकन किंवा कलेजी, शाकाहारी घरात पनीर, मीठमसाला काही नाही, बेदाणे-मनुका आणि चॉकलेट तर अजिबात नाही, ते विष आहे कुत्र्यांना. कंबरेला पाउच, रोजची सतरंजी, पाणी, आणि रोजचाच पट्टा, नवीन काही घालून नेऊ नका.

सगळे पैसे एकदम भरू नका, तीन क्लासचे भरा. तिसऱ्या क्लासनंतर घरी मोबाइल लावून एक मिनिट शूट करा आणि पहिल्या दिवशीच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा, पण कुत्रं किती शिकलं ते नका बघू, स्वतःचे हात बघा. क्लिक होईपर्यंत हात गप्प राहत असेल तर पुढचे पैसे भरा. अजूनही आधीच पिशवीत जात असेल आणि तीन क्लासमध्ये ते कोणी तुम्हाला सांगितलं नसेल तर दुसरा नंबर फिरवा.